चित्रपटांच्या डिस्कच्या राखीव प्रती घेताना

दुहेरी थराच्या डीव्हीडीवरचा चित्रपट बिघडू लागतो तो बहुधा मधोमध. सुरुवात व्यवस्थित दिसते, शेवटही दिसतो, पण मध्यावर चित्राचे चौकोन सुटतात, आवाज तुटतो आणि प्लेअर तिथेच घुटमळत राहतो. माझ्या संग्रहातल्या काही जुन्या डिस्कवर हा प्रकार सुरू झाला तेव्हा मी त्याचे कारण शोधले, आणि ते डिस्कच्या रचनेतच सापडले. चित्रपटांच्या अशा डीव्हीडीवर पहिला थर मध्यापासून कडेकडे वाचला जातो आणि दुसरा कडेपासून पुन्हा मध्याकडे. त्यामुळे डिस्क जवळजवळ पूर्ण भरलेली असेल, तर चित्रपटाचा मधला भाग नेमका बाहेरच्या कडेजवळ येतो. हाताळताना बोटे लागतात ती कडेला, आणि डीव्हीडीच्या दोन पातळ चकत्या जोडणारा गोंद सुटू लागला तर हवा आणि ओल आत शिरते तीही कडेकडूनच. हे समजल्यावर राखीव प्रती घेण्याचे काम पुढे ढकलण्यात मला अर्थ दिसेना. हे काम मी कसे केले आणि ते करताना कोणत्या गोष्टींना महत्त्व द्यावेसे वाटले, ते येथे सविस्तर मांडत आहे.

आधी कायद्याविषयी, कारण या बाबतीत मला मोघमपणा नको होता. चित्रपटांच्या बहुतेक विकत मिळणाऱ्या डिस्क कुलूपबंद असतात: डीव्हीडीवर सीएसएस नावाची ४० बिटांच्या किल्लीची पद्धत असते आणि ब्लू-रेवर एएसीएस नावाची, तिच्याहून बरीच भक्कम. सीएसएस १९९९ मध्येच फोडली गेली, पण तांत्रिकदृष्ट्या शक्य असणे आणि कायद्याने मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असे कुलूप ओलांडण्यास मनाई केली आहे आणि स्वतःच्या राखीव प्रतीसाठी सरसकट सवलत ठेवलेली नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली खासगी प्रतीची मुभा देण्यात आली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे उत्तर देशागणिक बदलते, आणि एकाच देशात एका वर्षातही बदलू शकते. म्हणून स्वतःला लागू असलेल्या तरतुदी वाचल्यावरच मी कामाला हात घातला आणि त्याला काही मर्यादा घालून घेतल्या. पैसे देऊन घेतलेली आणि आजही माझ्याकडे असलेली डिस्कच घ्यायची. भाड्याने किंवा उसनी आणलेली कधीही नाही. प्रत कुणालाही द्यायची नाही. मूळ डिस्क विकली किंवा भेट दिली, तर तिची प्रत त्याच दिवशी पुसून टाकायची. या मर्यादा मला जाचक वाटल्या नाहीत. चित्रपट तयार करणाऱ्यांचा हक्क आणि विकत घेतलेली वस्तू टिकवण्याची माझी धडपड या दोन्हींचा मान राखता येतो, असे मी मनापासून मानतो.

सर्व डिस्क बाहेर काढल्यावर पहिला प्रश्न क्रमाचा होता. सहज पुन्हा मिळतील अशा चित्रपटांना मी शेवटी ठेवले. पुढे आणल्या त्या डिस्क, ज्यांच्यावर दिग्दर्शकाचे समांतर निवेदन आहे, वगळलेली दृश्ये आहेत किंवा ज्यांची ती आवृत्ती छापणेच बंद झाले आहे. चित्रपट इंटरनेटवर पाहायला मिळतो म्हणून डिस्कची गरज उरत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. तिथे बहुधा चित्रपट तेवढा असतो, निवेदन आणि जोडसामग्री क्वचित असते, आणि हक्कांचा करार संपला की चित्रपटही निघून जातो.

त्यानंतर स्वच्छता. कोमट पाणी, भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब आणि धागे न सोडणारे मऊ कापड एवढेच मी वापरले. महत्त्वाची आहे ती पुसण्याची दिशा: मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत, गोल गोल कधीच नाही. डीव्हीडीवरचा मजकूर ३२ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत मांडलेला असतो आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत दुरुस्तीसाठी जादा माहिती असते. हे गठ्ठे मध्याभोवती वळसे घेत जाणाऱ्या एका सलग मार्गावर असतात, आणि त्या जादा माहितीच्या आधारे ड्राइव्ह या मार्गावरचा सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा खंडही भरून काढू शकतो. मध्याकडून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वळसा आडवा ओलांडतो, त्यामुळे दर वळशाचे नुकसान त्याच्या रुंदीइतकेच होते आणि ते दुरुस्तीच्या आवाक्यात राहते. मार्गाच्या दिशेने उमटलेला, दिसायला अगदी नाजूक असा गोल ओरखडा मात्र एकाच गठ्ठ्यावर लांबवर पसरतो आणि दुरुस्तीची सारी शिल्लक संपवून टाकतो. पुसताना कापडाखाली वाळूचा कण आलाच, तर त्याचा ओरखडा पहिल्या प्रकारचा व्हावा, दुसऱ्या प्रकारचा नव्हे, एवढाच या दिशेचा अर्थ.

ओरखडे घासून गुळगुळीत करण्याच्या उपायाकडे मी शेवटचा पर्याय म्हणूनच पाहिले. डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते आणि मजकुराचा थर तिच्या साधारण मध्यावर, म्हणजे वाचण्याच्या बाजूपासून ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे पृष्ठभागावरचे थोडे प्लास्टिक घासले गेले तरी निभावते. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्यावर मुद्दाम कठीण लेप दिलेला असतो. तो लेप घासणे म्हणजे डिस्कचे एकमेव संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय. तसे मी एकाही ब्लू-रेवर केले नाही.

डिस्क वाचायला बसताना वेगाचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. डीव्हीडीचा मूळ वेग सेकंदाला १.३८५ मेगाबाइट धरला जातो आणि आजचे ड्राइव्ह त्याच्या अनेकपट वेगाने फिरतात. पण वेग वाढला की डिस्क थरथरते, किंचित वाकलेली असेल तर आणखीच, आणि जेमतेम वाचता येणारे भाग हातचे निसटतात. मी वेग चौपटीवर बांधून ठेवला. त्या गतीने साडेआठ गिगाबाइटची भरलेली डिस्क पंचवीस-सव्वीस मिनिटांत वाचून होते, आणि तेवढा धीर धरणे मुळीच कठीण नाही. जगाच्या वेगवेगळ्या विभागांसाठी काढलेल्या, म्हणजे त्या त्या विभागाच्या ड्राइव्हवरच चालणाऱ्या डिस्क असतील, तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते: संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग वापरकर्त्याला साधारणपणे पाच वेळाच बदलता येतो आणि त्यानंतर तो कायमचा ठरून जातो. म्हणून मी आधी सर्व डिस्क विभागवार लावल्या आणि एका विभागाचे काम पूर्ण झाल्याखेरीज दुसऱ्याला हात लावला नाही.

डीव्हीडीच्या आत पाहिले, की तिच्या रचनाकारांची दूरदृष्टी जाणवते. व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये चित्र आणि आवाज असलेल्या व्हीओबी फाइली असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त एक गिगाबाइटच्या. त्यांची अनुक्रमणिका सांभाळणाऱ्या आयएफओ फाइली असतात. आणि त्या प्रत्येक आयएफओची हुबेहूब नक्कल असलेली बीयूपी फाइलही असते. मूळ आणि नक्कल या दोन फाइली एकाच दुरुस्ती-गठ्ठ्यात पडू नयेत, असे बंधनही त्या रचनेत घातलेले आहे, म्हणजे एका ठिकाणच्या बिघाडाने दोन्ही एकदम जाणार नाहीत. राखीव प्रत मूळ वस्तूपासून दूर ठेवावी, हा नियम डिस्कनेच स्वतःपुरता पाळलेला पाहून मला विशेष वाटले, आणि पुढे साठवणुकीचा विचार करताना तोच माझ्यापुढे राहिला.

आता मुख्य निर्णय: प्रत कशा स्वरूपात ठेवायची? यासाठी तीन मार्ग आहेत. संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढता येते, ज्यात मेन्यूंपासून सगळे येते. मेकएमकेव्हीसारख्या साधनाने चित्र, आवाज आणि सबटायटल यांचे प्रवाह मुळीच न बदलता एका एमकेव्ही फाइलीत घेता येतात. किंवा हँडब्रेकसारख्या साधनाने सगळे नव्याने आवळून फाइल लहान करता येते. ज्या डिस्कच्या मेन्यूंनाही मोल आहे त्यांच्यासाठी मी पहिला मार्ग घेतला, बाकीच्यांसाठी दुसरा. तिसऱ्या मार्गाने केलेली फाइल प्रवासात किंवा फोनवर पाहण्यासाठी चांगली असते आणि तशा काही मीही केल्या, पण तिला राखीव प्रत म्हणायला मी तयार नाही.

यामागचे कारण प्रत्यक्ष पडद्यावर पाहता येते. डीव्हीडीवरचे चित्र एमपीईजी-२ पद्धतीने आधीच आवळलेले असते, आणि त्याला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटांचीच मुभा असते. तेच पुन्हा आवळले, की नवे साधन जुन्या आवळणीतले दोषही चित्राचाच भाग समजून जपते आणि त्यांच्यासाठी खऱ्या चित्रातला तपशील सोडून देते. मी रात्रीच्या एका दृश्याची एकच फ्रेम मूळ प्रवाहातून आणि आवळलेल्या फाइलीतून काढून शेजारी शेजारी ठेवली. मूळ फ्रेममध्ये आकाश काळ्याकडून गर्द निळ्याकडे सलग उतरत होते आणि त्यावर फिल्मची बारीक रवाळ हालचाल होती. आवळलेल्या फाइलीत त्याच आकाशात पट्टे पडले होते, आणि दिव्याखाली उभ्या असलेल्या नटाच्या गालावरचा पोत पुसून मेणासारखा सपाट झाला होता. दिवसाच्या दृश्यांत फरक जवळजवळ दिसत नव्हता. ज्याला ही फाइल रोजच्या पाहण्यासाठी हवी आहे त्याला ती पुरेल. पण मूळ डिस्क गेल्यावर जिच्यावर सारे अवलंबून राहायचे, तिच्यात ही गळती मला मान्य नव्हती.

दुसरी अडचण विणलेल्या चित्राची. दूरचित्रवाणीसाठी किंवा व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेल्या चित्रीकरणात एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी गुंफलेल्या असतात, आणि संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. आवळताना त्या काढण्याची सोय असते, पण साधी पद्धत निवडली तर निम्म्या ओळी फेकल्या जातात किंवा हालचालीचा निम्मा ओघ जातो, आणि एकदा गेलेले परत मिळत नाही. मूळ प्रवाह तसाच ठेवला, तर हे काम पाहण्याच्या वेळी प्लेअर करतो, आणि पुढे अधिक चांगली पद्धत आली तर तिचाही लाभ घेता येतो. जोडसामग्रीतल्या मुलाखती बहुधा याच प्रकारच्या असतात, म्हणून चित्रपट ठीक दिसला तरी त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

लांबीच्या फरकाचाही एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एकाच चित्रपटाच्या माझ्याकडे दोन डीव्हीडी आहेत, एक पॅल आणि एक एनटीएससी या दूरचित्रवाणीच्या वेगवेगळ्या पद्धतींची, आणि पॅलची प्रत जवळजवळ पाच मिनिटांनी लहान भरली. दृश्ये कापली असावीत अशी शंका कुणालाही यावी, पण एकही दृश्य गळलेले नव्हते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चित्रित होतो आणि पॅल डिस्कवर तो सेकंदाला २५ फ्रेमनी चालवला जातो. त्यामुळे तो सुमारे चार टक्के वेगाने धावतो, दोन तासांचा चित्रपट एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो, आणि आवाजाची पट्टी मुद्दाम सावरलेली नसेल तर तीही किंचित चढते. एनटीएससी डिस्कवर चित्रपटाचा वेग जवळपास मूळचा राहतो, पण पॅलच्या ५७६ ओळींऐवजी ४८० ओळीच मिळतात. मी दोन्ही जपल्या. एका प्रतीचा आवाज दुसरीच्या चित्राला जोडण्याचे प्रयोग करणारे लोक आहेत. राखीव प्रतीच्या बाबतीत मी अशा कोणत्याही सुधारणेपासून दूर राहिलो.

प्रत घेताना कोणता भाग निवडायचा, हे वाटते तितके सरळ नसते. एका डीव्हीडीवर ९९ पर्यंत शीर्षके, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे भाग, असू शकतात आणि काही डिस्कवर नक्कल रोखण्यासाठी बनावट शीर्षके भरलेली असतात. काही ब्लू-रेवर तर जवळजवळ सारख्याच लांबीच्या शेकडो क्रमयाद्या, म्हणजे चित्रपटाचे तुकडे कोणत्या क्रमाने चालवायचे ते सांगणाऱ्या याद्या असतात, ज्यांतली एकच तुकडे बरोबर क्रमाने लावते. केवळ सर्वांत लांब शीर्षक उचलण्याची युक्ती तिथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी मी ती डिस्क साध्या प्लेअरवर लावून चित्रपट सुरू केला, पडद्यावर दिसणारा शीर्षकाचा किंवा यादीचा क्रमांक टिपून घेतला आणि तोच निवडला. आवाजांच्या बाबतीत मूळ भाषेचा आवाज आणि सर्व निवेदने घेतली. सबटायटलमध्ये एक छोटा प्रवाह हमखास नजरेआड होतो: चित्रपटातल्या परक्या भाषेतल्या दोन-चार संवादांपुरताच तो असतो आणि आपोआप दिसावा अशी अपेक्षा असते. तो राहून गेला, तर नेमक्या त्या संवादांना प्रेक्षक मुकतो.

डीव्हीडीवरची सबटायटल्स म्हणजे अक्षरे नसून चित्रे असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. त्यांतून मजकूर ओळखून काढणारी साधने रोमन लिपीत बरी चालतात; देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांच्यापाशी ती वारंवार अडखळतात. मी चित्ररूप प्रवाह तसेच ठेवले. पाहताना ते जुन्या धाटणीचे दिसतात खरे, पण त्यांत एकही अक्षर चुकलेले नसते.

ज्या डिस्क सरळ वाचल्या जात नव्हत्या, त्यांना सर्वाधिक वेळ लागला, आणि मला समाधानही त्यांनीच सर्वाधिक दिले. माझ्या अशा डिस्कपैकी बऱ्याच घरगुती चित्रीकरणाच्या होत्या, म्हणजे ड्राइव्हवर लिहिलेल्या. अशा डीव्हीडीत मजकूर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असतो आणि उन्हाने किंवा उष्णतेने तो थर खराब होतो. त्यांना कुलूप नसल्यामुळे डीडीरेस्क्यू हे साधन निश्चिंतपणे वापरता आले. ते अडलेल्या जागी हट्ट धरून बसत नाही. आधी जे सहज वाचता येते ते सगळे गोळा करते, अवघड जागांची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवते आणि मग त्याच जागांकडे पुन्हा पुन्हा वळते. या नकाशा-फाइलीचे खरे मोल मला दुसरा ड्राइव्ह जोडल्यावर कळले. प्रत्येक ड्राइव्हचे लेझर, भिंग आणि दुरुस्तीची कुवत थोडी वेगळी असते, त्यामुळे एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसू शकते. पहिल्या ड्राइव्हने अर्धवट सोडलेली प्रतिमा आणि तिचा नकाशा दुसऱ्याला दिला, की तो फक्त उरलेल्या रिकाम्या जागाच वाचतो. एका कौटुंबिक समारंभाच्या डिस्कवर उरलेल्या जागा अशा रीतीने कमी कमी होत गेल्या, आणि अखेरीस २०४८ बाइटांचे मोजके खंड तेवढे हाती लागले नाहीत. प्रत्यक्ष पाहताना तिथे क्षणभर काही चौकोन चमकतात, त्यापलीकडे काही जाणवत नाही.

प्रत तयार झाली, एवढ्यावर मी काम संपले असे मानले नाही. प्रत्येक फाइलीची एकूण लांबी डिस्कशी ताडून पाहिली, सुरुवात आणि शेवट पाहिला, आणि थर बदलतो त्या मधल्या जागेच्या आगेमागे काही मिनिटे ओठांच्या हालचाली आणि आवाज जुळतात का, हे लक्षपूर्वक तपासले, कारण जुळणी बिघडली तर तिथपासून पुढे बिघडलेली सापडते. मग प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढून तो वेगळ्या फाइलीत नोंदवला. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पूर्णपणे वेगळा येतो, त्यामुळे हार्ड डिस्कवर कालांतराने गुपचूप होणारा बिघाड पाहून नव्हे, तर ताडून पकडता येतो. फाइलीच्या नावात चित्रपट, वर्ष, आवृत्ती आणि पॅल किंवा एनटीएससी एवढे लिहिले. एकाच नावाचे अनेक चित्रपट असतात, म्हणून वर्ष वगळू नये.

साठवणुकीला जागा फार लागत नाही. चार टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर पूर्ण भरलेल्या दुहेरी थराच्या साडेचारशेहून अधिक डीव्हीडी मावतात. ब्लू-रेचा मात्र एकेक चित्रपट ५० गिगाबाइटच्या घरात जाऊ शकतो. मी दोन हार्ड डिस्कवर सारख्याच प्रती ठेवल्या आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी ठेवली. दोन्ही ठरावीक काळाने जोडून ठसे पुन्हा ताडतो. एकीवर फरक आढळला तर दुसरीवरून ती फाइल पुन्हा घेता येते.

मूळ डिस्क अर्थातच टाकलेल्या नाहीत. त्या आपापल्या खोक्यांत, उभ्या, ऊन लागणार नाही अशा ठिकाणी आहेत, आणि प्रती पाहण्याच्या कामी येत असल्यामुळे त्यांची हाताळणी जवळजवळ थांबली आहे. ४के ब्लू-रे मी या खेपेस बाजूला ठेवल्या. त्या १०० गिगाबाइटपर्यंतच्या असतात, साधे ब्लू-रे ड्राइव्ह त्या अधिकृतपणे वाचत नाहीत आणि त्यांचे कुलूपही निराळे आहे. सध्या जोडसामग्रीच्या वेगळ्या डिस्क हातात घेतल्या आहेत, आणि त्यांतल्या विणलेल्या चित्राच्या मुलाखतींपासून सुरुवात केली आहे.